खड्डे उघडे, मिरग तोंडावर: फुटिंग आत्ता भरायची की थांबायचं?

गोव्यात डिचोलीच्या बाजूला घर बांधणाऱ्या भाऊंचा प्रश्न वाचला. फुटिंगचे, म्हणजे खांबांच्या पायाचे, खड्डे मारून झालेत, वळवाचा पाऊस पडून गेलाय, तळाला पाणी आहे. कंत्राटदार म्हणतो उद्याच भरून टाकू, नाहीतर काम ऑक्टोबरवर गेलं. त्यात शेजाऱ्यानं कुठेतरी तक्रार दिल्याची कुणकुण. हे सगळं मी पेडण्यात भोगलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो. शेवटचा शब्द तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. सनद (जमीन बांधकामाला वापरायची परवानगी), नगर नियोजनाची मंजुरी, पंचायतीचा परवाना हे तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. साचलेल्या पाण्यात काँक्रीट घालायचं नाही. कंत्राटदार वरून कोरडं सिमेंट फेकून 'पाणी शोषून घेतं' म्हणेल, त्याला तिथेच थांबवा. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात, फुटिंगच्या मापाबाहेर, छोटा खळगा करा, तिथे पंपाची नळी सोडा. पाणी उपसल्यावर तळाची जी माती बोटानं दाबली जाते ती सगळी खरवडून काढा, कडक तळ लागेपर्यंत. खोली वाढली तर ती परत मातीनं भरायची नाही, पीसीसीनं, म्हणजे शिगा नसलेल्या साध्या काँक्रीटनं भरायची. आणि पीसीसी त्याच दिवशी पडायला हवी. नुसता साफ केलेला तळ रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी पुन्हा तेच.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष बघावी लागते. 'अजून खोल मारूया, जास्त मजबूत' हे सगळीकडे खरं नसतं. वर कडक चिरा (जांभा) असतो आणि खाली बऱ्याच ठिकाणी शेड, म्हणजे भिजली की मऊ होणारी चिकणमाती लागते. वरचा चांगला चिरा फोडून मऊ शेडीवर घर बसवण्यात काय शहाणपण? किती खोल जायचं ते इंजिनिअरनं खड्ड्यात उतरून सांगावं, फोनवर नव्हे.

आता तक्रारीचं. माझं सगळ्यात जास्त नुकसान मातीनं नाही, एका कार्यालयानं केलं. नाव घेत नाही, घराचे काही कागद अजून तिथूनच निघायचेत. परवाना हातात, खड्डे मारलेले, शिगांच्या जाळ्या बांधून आत ठेवलेल्या, आणि एप्रिलमध्ये काम थांबवण्याची नोटीस. शेजाऱ्यानं लिहून दिलं होतं की रस्त्याच्या बाजूनं सोडलेलं अंतर कमी आहे. टेप धरला असता तर पाच मिनिटांचं काम. पण मोजणारा माणूस रजेवर, मग दुसऱ्या ड्युटीवर, मग गाडी नाही. माझ्या गाडीतून चला म्हटलं तर 'तसं चालत नाही'. फाईल कायम सायबाच्या टेबलावर, आणि साहेब कायम मीटिंगला. अखेर आले, मोजलं, अंतर मंजूर नकाशापेक्षा थोडं जास्तच भरलं. कुणी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. नोटीस मागे घेतल्याचा कागद मिळेपर्यंत मिरग लागला होता.

खड्ड्यांकडे बघवत नव्हतं. आमच्याकडची शेड पांढरट-गुलाबी, उन्हाळ्यात कुदळ उडवून लावायची. तीच भिजल्यावर पायाखाली लोण्यासारखी. दोन बाजू ढासळून जाळ्यांवर बसल्या, रिंगा गाळात वाकल्या. पावसाळाभर काही करता आलं नाही. नंतर सगळं उपसून खड्डे रुंद करावे लागले, पीसीसी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त गेली, आणि कंत्राटदारानं नवा दर लावला तो वेगळाच. त्या कार्यालयाला याचा एक पैसा भुर्दंड नाही.

म्हणून सांगतो, कुणकुण आहे ना, मग नोटिशीची वाट बघू नका. आजच आर्किटेक्टकडून चारही बाजूंची अंतरं मोजून घ्या, टेप दिसेल असे फोटो काढा, मंजूर नकाशाची प्रत जोडून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोलणं शून्य. नोटीस आलीच तर माहिती अधिकारात विचारा की फाईल कोणत्या तारखेला कुणाकडे होती. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. माझी फाईल तो अर्ज टाकल्यावरच हलली, योगायोग असेल तर असेल. 'रविवारी गुपचूप भरून टाका' असा सल्ला देणारे भेटतील. ते करू नका, मग खरोखरच तुमच्या विरुद्ध केस तयार होते. मात्र खड्ड्याभोवती बांध घालणं, ताडपत्री टाकणं, पाण्याला वाट काढून देणं याला बांधकाम म्हणता येईल असं मला तरी वाटत नाही. वकिलाला विचारून घ्या.

नोटीस नसेल आणि चार दिवस उघडीप दिसत असेल तर भरा, पण तारखेवर विसंबू नका. २०२५ साली मान्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात येऊन टेकला होता. प्लॅस्टिकचा मोठा कागद साईटवर आधीच आणून ठेवा.

भरताना मी तरी दोनच गोष्टींसाठी भांडेन. एक, कव्हर, म्हणजे शिगेच्या बाहेरून असलेली काँक्रीटची जाडी. फुटिंगला किमान ५० मिमी, आणि खाली काँक्रीटचे कव्हर ब्लॉक. चिऱ्याचे तुकडे ठेवतात, ते पाणी पितात आणि शीग तिथूनच गंजते. दुसरं, पाणी. रेडीमिक्स (प्लँटवरून मिक्सर गाडीनं येणारं तयार काँक्रीट) मागवलंत तर चलनावर माल भरल्याची वेळ बघा, २ तासांच्या आत रिकामा व्हायला हवा. उशीर झाला की ड्रायव्हर ड्रममध्ये पाण्याची नळी सोडतो, म्हणून त्याच्याजवळ आपला माणूस उभा करा. मजबुती तपासायला १५० मिमीचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) तुमच्या समोर भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांचे दोन्ही. तुमच्या वाटेवर रस्त्याखालून पाणी जाणारी जुनी मोरी असेल तर आधी बघून या. ६ घनमीटरचा भरलेला मिक्सर २५ टनांच्या आसपास जातो, मोरी बसली तर अख्खा वाडा तुमच्या दारात.

पाऊस पडतोय म्हणून क्युरिंग नको असंही ऐकवतील. मध्येच दोन दिवस कडक ऊन पडतं तेव्हा कोण पाणी मारणार? पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओलं राहायला हवं. वाळवीचं औषध जोत्याचा भराव झाल्यावर, फरशीखालची पीसीसी पडायच्या आधी. तेव्हा विसरलात तर नंतर फरशीला भोकं पाडत बसाल.

पाणी उपसल्यावर तळाचा एक फोटो टाका, शेड आहे की चिरा ते निदान कळेल. तोवर कंत्राटदाराला मिक्सर बुक करू देऊ नका.