पदवीच्या वर्षांत संशोधन करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एका प्राध्यापकांनी प्रकल्पावर काम करायला बोलावलंय आणि तुमची शंका अशी आहे की या वयात खरं संशोधन होतं का, की अभ्यासाचा वेळ फुकट जातो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, पदवीच्या मुलांचे प्रकल्पही बघतो. माझं म्हणणं, जरूर जा.

कारण सांगतो. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने अलगद सोलून काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वास घेण्याची बारीक छिद्रं, मोजायची. प्रात्यक्षिकाच्या तासाला हे पटकन उरकतं, कारण उत्तर साधारण किती यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने हेच काम रस्त्याकडेची आणि बागेतली झाडं यांची तुलना करायला घेतलं आणि लगेच अडली. फोटोवर आखलेल्या चौकटीच्या कडेला अर्धवट कापलं गेलेलं रंध्र धरायचं की सोडायचं? पान कुठल्या फांदीचं घ्यायचं? उन्हातल्या पानांवर रंध्रं बहुधा दाट असतात; म्हणजे रस्त्याची पानं उन्हातली आणि बागेतली सावलीतली निघाली, तर तुलना धुराची न होता उन्हाचीच व्हायची! मी तिला एवढंच म्हटलं, नियम तू ठरव, आधी वहीत लिही आणि मग मोज. तिने ठरवलं: वरच्या आणि डाव्या कडेला टेकलेली धरायची, उरलेल्या दोन कडांवरची सोडायची आणि पानं दोन्हीकडे उन्हातलीच घ्यायची. तिचं उत्तर काय येणार हे मलाही माहीत नव्हतं. शिक्षकालाही उत्तर माहीत नाही अशा प्रश्नापाशी उभं राहायला मिळणं हे मला चार विषयांच्या गुणांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि या वयात काही लक्षणीय घडतच नाही असंही नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा पहिला शोधनिबंध १९२८ मध्ये छापून आला तेव्हा ते पदवीचेच विद्यार्थी होते. कलाशाखेच्या मुलांना मी अमेरिकी वास्तुरचनाकार माया लिन यांचं उदाहरण देतो. येल विद्यापीठात पदवीला असताना मृतांच्या स्मारकांच्या वास्तुकलेच्या वर्गासाठी केलेला आराखडा त्यांनी वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या स्पर्धेला पाठवला आणि १९८१ मध्ये १,४२१ प्रवेशिकांमधून तो निवडला गेला. परीक्षकांसमोर प्रवेशिकांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. त्यामुळे विद्यार्थिनीचं काम म्हणून कुणी ते बाजूला सारलं नाही.

होकार देण्याआधी मात्र प्राध्यापकांना स्पष्ट विचारा: यात मी स्वतः काय ठरवणार? नुसती आकडे भरण्याची हमाली असेल तर एका सत्रानंतर कंटाळाल. ठरलेल्या वेळी भेट होणार का आणि निबंध झालाच तर लेखकांत तुमचं नाव कुठे येणार, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या. परीक्षेच्या आधीचे आठवडे मोकळे ठेवायला सांगा. समजूतदार मार्गदर्शक नाही म्हणत नाही.

पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यापेक्षा विभागाच्या चर्चासत्रात पोस्टर लावा. तिथे कुणीतरी हमखास विचारेल, "ही पानं कुठली घेतलीत?" आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर असेल.