नाशिकच्या डोंगरांना आडवे थर दिसतात, मग ते गाळाचे खडक की ज्वालामुखीचे?

ज्वालामुखीचेच. तुमची शंका मात्र रास्त आहे. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर एकावर एक थर दिसतात, आणि शाळेत तर ‘थर असतील तो गाळाचा खडक’ असं पाठ करून घेतलेलं असतं. मी नाशिकला भूशास्त्र शिकवते आणि माझ्या मते हे वाक्य पुस्तकातून काढूनच टाकायला हवं. थर दोन्हीकडे असतात. तो कशाचा आहे, हे पाहायचं.

आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारी आग, हे चित्र इथे विसरा. हा लाव्हा पातळ होता, त्यामुळे लांबवर पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर पुढचा लोट आला, मग त्यावर आणखी एक. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई सगळं अशाच लोटांचं बनलेलं आहे. तुम्हाला दिसणारे थर म्हणजे हे लोट.

मग ते इतके वेगवेगळे उठून का दिसतात? एका लोटाचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट आणि काळा होतो. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकतात आणि तो सच्छिद्र, ठिसूळ राहतो. आपल्याकडे विहिरी खोदणारे घट्ट भागाला काळा पाषाण म्हणतात आणि पोकळ्यांच्या, मऊ भागाला मांजऱ्या. पाषाणाचा कडा ताठ उभा राहतो, मांजऱ्या झिजतो आणि तिथे गवताळ उतार तयार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मध्येच कुठे विटकरी लाल पट्टा दिसला तर तोही नीट पाहा. दोन लोटांच्या मधल्या काळात ऊनपावसाने कुजलेला तो पृष्ठभाग असतो.

आता दगड हातात घ्या. बाहेरच्या तपकिरी सालीवरून काही ठरवू नका, तो फोडा आणि ताजी बाजू पाहा. बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा खडक, असेल तर कण इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी सुटे दिसत नाहीत. दगड हाताला जड लागतो. त्याची पूड करून जवळ चांगला लोहचुंबक नेलात तर काही कण चिकटतात, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. वालुकाश्म, म्हणजे वाळूपासून बनलेला गाळाचा खडक, फोडलात तर वाळूचे दाणे वेगळे दिसतात, बोटाने घासले तर बरेचदा सुटतातही.

गाळाचा खडक पाहायला लांब जायला नको. जुन्या घरातली शहाबादी फरशी पाहा. तो चुनखडक आहे, कर्नाटकातून येतो, समुद्राच्या तळाशी साचलेला आणि आपल्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. फुटक्या तुकड्याची थोडी पूड करून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. काळ्या पाषाणाच्या पुडीवर सहसा काही होत नाही. (हे प्रयोग सुट्या तुकड्यावरच करा. काळाराम मंदिराच्या किंवा पांडवलेण्यांच्या दगडाला कृपा करून हात लावू नका.)

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो गंगापूरजवळचा गोदाकाठ. तिथे गंगावाडीला नदीने आणलेले गोल गोटे आणि वाळू चुन्याने सांधून घट्ट झालेली दिसते. हा गाळाचाच थर, पण त्यातले गोटे बहुतेक बेसाल्टचे! ज्वालामुखीचा खडक झिजला, वाहत आला आणि त्यातून नवा खडक घडला. याच थरात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली. ती जागा शाळेच्या प्रत्येक सहलीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. अंजनेरीच्या वाटेवर सापडलेल्या दगडात पांढरे ठिपके आहेत, ते शिंपले तर नसतील? नाही. बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये खनिजयुक्त पाणी शिरून तिथे झिओलाइटसारखी खनिजं जमतात, तेच ते ठिपके. पांडवलेणी परिसरातल्या खाणींमधले अपोफिलाइट या खनिजाचे हिरवे स्फटिक तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजं निवांत पाहता येतात. शिंपल्याचं जीवाश्म असेल तर त्यावर ठरावीक रेषा, कंगोरे, आकार असतो. पोकळीतलं खनिज कधी गोल, कधी बदामासारखं, कधी आतून टोकदार स्फटिकांचं असतं.

मात्र एक लक्षात ठेवा. त्याच पोकळ्यांमध्ये कधीकधी कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलंच खनिज, असतं आणि त्यावर लिंबू टाकलं तर तेही फसफसतं. तेवढ्यावरून तो चुनखडक ठरवू नका. ठिपका सोडून भोवतालचा काळा भाग तपासा.