निवासगृहात एचआयव्हीची औषधं रोज देऊनही काही मुलांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) का वाढतो?

बहुतेकदा गोळी दिलेली असते, पण पोटात गेलेली नसते. किंवा डोस जुन्या वजनाचा असतो.

वजन दर महिन्याला करा आणि औषधांच्या तक्त्यातच लिहा. डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीच्या औषधाच्या १० मिग्रॅच्या विरघळणाऱ्या गोळ्या १० ते १४ किलोला दोन, १४ ते २० किलोला अडीच लागतात. मूल १५ किलोचं झालं आणि तक्ता तसाच राहिला, की डोस कमी पडतो. बदल मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या. गोळी ५ ते १० मिलि पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात पाजा, मग पेल्यात थोडं पाणी घालून तळाचा गाळही पाजा. तेही औषधच, घाईत नेमकं तेच धुतलं जातं.

लोह-कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी सोबत देऊ नका, डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागतं, म्हणून टीबीचा कागद एचआयव्हीच्या डॉक्टरांना दाखवाच.

रजिस्टरवरच्या सह्यांवर विसंबू नका. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एका ओळीत दिसल्या की काय ते समजा. उरलेल्या गोळ्या मोजा.

तेरा-चौदा वर्षांची मुलं गोळी गालात धरून नंतर थुंकतात. रागावून फरक पडत नाही. आपल्याला काय झालंय हेच त्यांना अनेकदा कुणी सांगितलेलं नसतं. सहा वर्षांपासून थोडं थोडं सांगत बारापर्यंत सगळं सांगून झालेलं असावं.

व्हायरल लोड १००० (प्रति मिलि रक्तातल्या विषाणूंच्या प्रती) च्या वर आला तर समोर बसवून गोळ्या द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तरीही उतरला नाही, तर औषध बदलायचं का ते डॉक्टर ठरवतील.