नोंदणीकृत बक्षीसपत्र कोर्टात सिद्ध कोणी करायचं?

आजोबांनी मुळशीतली जमीन धाकट्या काकांना बक्षीस दिल्याचं ते गेल्यावर, सातबारा काढला तेव्हा कळलं. काका म्हणतात दस्त रजिस्टर आहे, आता काही होणार नाही. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवते. ‘रजिस्टर आहे’ एवढ्यावर वारस गप्प बसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. नोंदणी झाली म्हणजे दस्त शाबीत झाला असं नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे जमिनीच्या बक्षीसपत्राला नोंदणी तर लागतेच, शिवाय किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आजोबांनी हा दस्त करून दिलेलाच नाही, असं दाव्यात स्पष्ट लिहिलंत, तर त्यातला निदान एक हयात साक्षीदार काकांना कोर्टात तपासावा लागतो (साक्ष अधिनियम, २०२३, कलम ६७, जुन्या कायद्यात ६८). ‘दस्त आम्हांस मान्य नाही’ असं मोघम लिहिलंत, तर काका त्यातून सुटू शकतात. पण सही आजोबांचीच आहे हे ठाऊक असेल तर खोटं लिहू नका, दावा सत्यापनावर असतो, म्हणजे त्यातला मजकूर खरा आहे असं तुम्ही सहीनिशी सांगता. तेव्हा मुद्दा दबावाचा घ्यायचा: आजोबा आजारी, सर्वस्वी काकांवर अवलंबून होते का, दस्त त्यांना वाचून दाखवला होता का.

दुय्यम निबंधक कार्यालयातून संपूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल काढा, नुसती सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताच्या सारांशाचा उतारा, पुरत नाही. शेवटच्या पानांवर फोटो आणि अंगठ्यांशेजारी दोन नावं असतात, त्यांनाच लोक साक्षीदार समजतात. ते ओळख पटवणारे. खरा साक्षीदार म्हणजे ज्याने आजोबांना सही करताना पाहिलं, किंवा ‘ही माझी सही’ असं त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि मग त्यांच्यासमोर स्वतः सही केली. उलटतपासात साक्षीदार इथेच अडखळतात: सही कुठे बसून झाली, आधी कोणी केली, खोलीत कोण होतं.

सातबाऱ्यावरचं काकांचं नाव फारसं मनावर घेऊ नका, फेरफाराने, म्हणजे महसुली दप्तरात नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी ठरत नाही. जुने फेरफार मात्र जरूर काढा. जमीन एकत्र कुटुंबाची निघाली, तर बाकीच्या सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय आजोबांना ती बक्षीस देताच येत नव्हती.

दस्त रद्द करून मागायला तो कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. म्हणून तुम्ही काढलेल्या सातबाऱ्याची तारीख दाव्यात घाला आणि तो उतारा सोबत जोडा.