पद दिलंय, पण चाव्या कुणाकडे आहेत?

ताई, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एचआर सांभाळून तुमच्याकडे 'विविधता, समता, समावेशन' हेही काम आलंय. सुपरवायझर म्हणतात, "आमच्याकडे जातपात नाहीच." साहेबांना महिला दिनाचा कार्यक्रम हवाय, आणि अमेरिकेतल्या मुख्य कंपनीने आता हे शब्दच वापरू नका म्हणून कळवलंय. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बारा वर्षं हे काम केलं, त्यावरून लिहितो.

कार्यक्रम राहू दे, आधी भरतीचे जुने अर्ज काढा. आमच्या अर्जात पत्त्याखाली 'वाडी' असा रकाना होता. कोकणात वाडी कळली की बहुतेकदा जात कळते, हे तुम्हाला सांगायला नको. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं सरकारने २०२० मध्ये ठरवलं, तरी अर्जावर लोक सवयीने जुनंच नाव लिहीत. दोन वर्षांचे अर्ज घेऊन बसलो तेव्हा दिसलं, की एकाच आयटीआयमधून एकाच ट्रेडला पास झालेल्यांपैकी बौद्धवाडीतली मुलं पॅकिंगला आणि बाकीची प्लँटवर. कुणी ठरवून केलं असं मला आजही वाटत नाही. मुलाखत घेणारे ओळखीतला मुलगा घेत गेले, एवढंच. पण तो कागद टेबलावर ठेवल्यावर "आमच्याकडे नाही" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. रकाना काढून टाकला. गाव, तालुका, पिनकोड पुरतो.

बायकांनाच सकाळची पहिली शिफ्ट नको असते, असं मलाही सांगितलं होतं. आषाढात एकदा पहाटे पाचला फाट्यावर जाऊन उभा राहिलो. कंपनीची बस हायवेवरूनच माणसं उचलायची. वाडीपासून तिथवर दीड किलोमीटर काळोख, मध्ये पऱ्यावरचा साकव, त्यावरून पाणी. छोटी गाडी गावात न्यायची, एवढाच उपाय होता. त्याला सात महिने लागले, कारण गाड्यांचा खर्च प्रशासन विभागाकडे आणि मला तिथे विचारतं कोण? या कामात माणूस दमतो तो इथे. जबाबदारी आपली आणि चावी दुसऱ्याच्या कनवटीला.

कंत्राटी कामगारांना मोजणीतून सोडू नका. ओडिशा-बिहारची मुलं, साफसफाईच्या बायका कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, म्हणून अहवालातही नसतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मात्र ठेकेदारामार्फत आलेल्याही येतात. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. ही बाहेरची व्यक्ती पंचक्रोशीतली घेऊ नका. आपल्याकडे तक्रार करणारी आणि ज्याच्यावर तक्रार तो एकाच गावकीतले निघतात, आणि दुपारी दिलेली तक्रार संध्याकाळी तिच्या माहेरी पोचलेली असते. आमच्याकडे एका मुलीने याच भीतीने तक्रारीची तीन महिन्यांची मुदत जाऊ दिली. ते मला अजून लागतं.

अमेरिकेच्या निरोपाने घाबरू नका. जानेवारी २०२५ मधले तिथल्या राष्ट्राध्यक्षांचे या कामाविरुद्धचे आदेश तिथले, त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी हात आखडले तेही तिथल्या हिशेबाने. इथे २०१३ चा कायदा तसाच आहे. अपंगांसाठी समान संधी धोरण २०१६ च्या कायद्याने सक्तीचं आहे, आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमायला २०१९ चा कायदा सांगतो. पदाचं नाव बदललं तर बदलू दे.

साहेबांकडे आत्ताच लेखी पत्र मागा: मुलाखतीच्या पॅनलवर जागा, बस आणि संडास-बाथरूमच्या खर्चावर तुमची सही, आणि थेट फॅक्टरी मॅनेजरला भेटायची मुभा. तिन्ही एकदम मिळणार नाहीत. पॅनलवरची जागा आधी घ्या. अर्ज तपासायचा माझा तक्ता हवा असेल तर निरोप टाका, आजच पाठवतो.