पोहण्याच्या स्पर्धेपूर्वी वॉर्म-अप किती करावा?

१०० मीटर फ्रीस्टाइलपूर्वी १००० मीटरचा वॉर्म-अप पुरेसा आहे की २००० मीटर पोहावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते १००० ते १२०० मीटर पुरेसे आहेत. पण मीटर मोजण्याआधी घड्याळ पाहावे, कारण पाण्याबाहेर आल्यापासून शर्यत सुटेपर्यंत किती वेळ जाणार, हे अधिक महत्त्वाचे असते आणि नेमके तेच कोणी विचारत नाही.

मी सोळा वर्षांची असताना २०० मीटर बटरफ्लायला उतरले होते. आमचे सर सर्वांना सरसकट २००० मीटर पोहायला लावत, मग कोणाची शर्यत ५० मीटरची असो वा १५०० ची. त्या दिवशी वॉर्म-अप साडेसातला संपला आणि माझी हीट, म्हणजे प्राथमिक फेरीची शर्यत, लागली सव्वानऊला. मधला सगळा वेळ मी ओल्या कॉस्च्युमवर टॉवेल गुंडाळून प्रेक्षकांच्या पायरीवर बसून होते. नखे जांभळी पडली होती, मांड्यांवर काटा उभा होता, आणि ब्लॉकवर, म्हणजे उडी मारण्याच्या चौथऱ्यावर, चढले तेव्हा पायाची बोटे कडेवर धड वळेनात. पहिले १०० मीटर सवयीने निघाले. तिसऱ्या लॅपला मात्र हात असे भरून आले की ते पाण्याबाहेर काढणेच कठीण झाले. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा सहा सेकंद जास्त लागले. सर म्हणाले, "घाबरलीस, आणि वॉर्म-अपही अंग चोरून केलास." मी घाबरले नव्हते, आणि एक मीटरही चोरला नव्हता.

वॉर्म-अपचा मोठा लाभ स्नायूंचे तापमान वाढण्यात असतो, आणि पाण्याबाहेर आल्यावर ते काही मिनिटांतच उतरू लागते. अंग ओले असेल तर आणखी लवकर. २०० मीटर फ्रीस्टाइलवर झालेल्या एका अभ्यासात वॉर्म-अपनंतर ४५ मिनिटांऐवजी २० मिनिटांनी पोहल्यावर वेळ सुमारे दीड टक्क्याने सुधारली, म्हणजे दोन मिनिटांच्या शर्यतीत जवळजवळ दोन सेकंद. १०० मीटरच्या दुसऱ्या एका अभ्यासात १८०० मीटरच्या वॉर्म-अपपेक्षा १२०० मीटरच्या वॉर्म-अपनंतर पोहणारे अधिक वेगाने पोहले. माझी पावणेदोन तासांची बैठक या हिशेबात कुठे बसते, ते आपणच पाहावे.

पुढच्या वर्षी मी ११०० मीटरच केले: आधी सैल पोहणे, मग थोडे किक (फक्त पाय मारणे) आणि ड्रिल (हातापायांची ढब सुधारण्याचे व्यायाम), शेवटी शर्यतीच्या वेगाने २५ मीटरचे चार तुकडे आणि दोन स्टार्ट. बाहेर येताच अंग कोरडे केले, कॉस्च्युम बदलला, ट्रॅकसूट, मोजे आणि टोपी घातली, आणि हीटला बोलावण्यापूर्वी हात फिरवणे व उड्या यांवर दहा मिनिटे घालवली. माझी वेळ चार सेकंदांनी सुधारली. सरांचे म्हणणे, वर्षभरात माझी उंची वाढली होती म्हणून. उंची वाढली होती हे खरे आहे, पण मोजे घातल्यावर पायाची बोटे वळू लागली, त्याचा उंचीशी काही संबंध नव्हता.

एक सांगायचे राहिले. हे आकडे नियमित सराव असलेल्या मोठ्या मुलांसाठी आहेत; लहान मुलांना निम्मेही पुरते, आणि खांदा दुखत असेल तर सैल पोहण्याला अधिक वेळ द्यावा. नवा वॉर्म-अप स्पर्धेच्या दिवशी प्रथमच करू नये, तो आधी सरावात घड्याळ लावून पाहावा. आपले प्रशिक्षक २००० वर अडून बसले, तर पाण्यात त्यांचे ऐकावे, पण शर्यत तासाभराने असेल तर शेवटची १५ मिनिटे जमिनीवर अंग पुन्हा तापवण्याची परवानगी मागून घ्यावी, आणि पिशवीत कोरड्या कपड्यांचे दोन जोड ठेवावेत.