संस्थापक असलं म्हणून बँडचं नाव घेऊन जाता येत नाही (सॅक्सनचा दाखला नीट वाचा)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोल्हापूरचा हेवी रॉक बँड, जुना गिटारिस्ट आणि बेसिस्ट भांडून बाहेर पडले, जाता जाता गिटारिस्टने बँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज स्वतःच्या नावाने टाकला आणि आता "आमचं नाव वापरणं थांबवा" अशी वकिलाची नोटीस तुम्हालाच. वर त्याचं म्हणणं असं की सॅक्सन या ब्रिटिश हेवी मेटल बँडमध्येही हेच झालं, नाव संस्थापकांचंच राहतं. आमच्या पुण्याच्या बँडमध्ये जवळजवळ शब्दशः हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी वकील नाही. बँडमध्ये बेस वाजवायचो आणि हिशेब माझ्याकडे असायचा, त्यामुळे हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. नोटिशीला उत्तर वकिलाकडूनच द्या. ट्रेडमार्क म्हणजे काय, क्लास (माल-सेवांचे वर्ग) किती असतात, हे इथे आधी बऱ्याचदा चर्चून झालंय, ते परत उगाळत नाही.

आता सॅक्सन. तुमच्या या गिटारिस्ट मित्राने दाखला बरोब्बर उलटा धरलाय.

बार्न्स्ली हे इंग्लंडच्या साउथ यॉर्कशरमधलं एकेकाळचं कोळशाच्या खाणींचं गाव. त्या भागातले दोन धडपडे बँड ७० च्या दशकाच्या मध्यात एकत्र आले. एकीकडून गायक बिफ बायफर्ड आणि गिटारिस्ट पॉल क्विन, दुसरीकडून गिटारिस्ट ग्रॅहम ऑलिव्हर आणि बेसिस्ट स्टीव्ह डॉसन. ड्रम्सवर पीट गिल. नाव काय, तर 'सन ऑफ अ बिच'. असल्या नावाच्या पोरांशी करार कोण करणार? कारेर या फ्रेंच रेकॉर्ड कंपनीकडे गेले तोवर 'सॅक्सन' झाले आणि १९७९ मध्ये त्याच नावाचा पहिला अल्बम आला. तो फारसा चालला नाही, पण मोटरहेड बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली आणि तिथे पब्लिकने उचलून धरलं.

१९८० हे त्यांचं वर्ष. 'व्हील्स ऑफ स्टील' आणि 'स्ट्राँग आर्म ऑफ द लॉ' असे दोन अल्बम एकाच वर्षात. पहिला ब्रिटिश चार्टवर पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. १६ ऑगस्टला कॅसल डॉनिंग्टनला पहिला 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सव झाला, रेनबो मुख्य बँड होता, त्यात हेही होते. पुढच्या वर्षी 'डेनिम अँड लेदर'. ब्रिटिश हेवी मेटलची जी नवी लाट म्हणतात, तिच्यात आयर्न मेडनच्या जोडीने यांचं नाव घेतलं जायचं.

मग घसरण. पीट गिल गेला, नायजेल ग्लॉकलर आला. ८० च्या दशकाच्या मध्यात कंपनी बदलून ईएमआयकडे गेले आणि अमेरिकेत चालावं म्हणून आवाज गुळगुळीत करत नेला. माझं मत विचाराल तर तिथेच त्यांची गाडी सुटली: अमेरिका हाती लागली नाही आणि घरचं पब्लिक मात्र नाराज झालं. १९८६ मध्ये डॉसनला काढलं. त्या वर्षीच्या अल्बमवर बेस बायफर्डनेच वाजवलाय असं सांगतात, आणि दोन गाण्यांवर पियानो चक्क एल्टन जॉनचा आहे. १९८८ ला निब्स कार्टर बेसवर आला तो कायमचाच. ९० च्या दशकात ब्रिटनमध्ये छोट्या हॉलांत वाजवायची वेळ आली, पण जर्मनीने त्यांना सोडलं नाही. त्या कोरड्या वर्षांत बँड तगला तो बऱ्याच अंशी जर्मन श्रोत्यांवर. ९० च्या मध्याला ऑलिव्हरही बाहेर पडला.

तुमच्या कामाचा भाग इथून सुरू होतो. ऑलिव्हर, डॉसन आणि गिल यांनी आधी जुनं 'सन ऑफ अ बिच' हेच नाव काढून १९९६ मध्ये एक अल्बम केला. तो काही चालला नाही. मग 'सॅक्सन' हे नाव घेऊन वाजवायला लागले आणि पुढे ऑलिव्हर आणि डॉसन यांनी 'सॅक्सन' हा ट्रेडमार्क ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. म्हणजे वर्षानुवर्षं त्याच नावाने रेकॉर्ड काढणाऱ्या, दौरे करणाऱ्या बायफर्डच्याच हातात नाव नाही! त्याने नोंदणी रद्द करा म्हणून अर्ज केला. ट्रेडमार्क अधिकाऱ्याने तो फेटाळला. तुमच्या मित्राने बहुतेक इथपर्यंतच वाचलंय.

अपील हायकोर्टात गेलं आणि २००३ मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी अधिकाऱ्याचा निर्णय फिरवला, नोंदणी अवैध ठरवली. बँड ही भागीदारी होती, तीही इच्छाधीन, म्हणजे कुणीही केव्हाही मोडू शकेल अशी. नाव आणि त्यामागची पत (गुडविल) हा भागीदारीचा माल. एखादा बाहेर पडला की त्याला भागीदारीच्या मालमत्तेचा हिशेब मागता येतो, पण नावाचा तुकडा तोडून नेता येत नाही. आपल्याकडे लोक बँडचं नाव सातबाऱ्यासारखं समजतात, पाच नावं चढली म्हणजे प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. तसं नाही. ऑलिव्हर आणि डॉसन यांचा त्या नावावर व्यक्तिशः हक्कच नव्हता, त्यामुळे ते स्वतःच्या नावावर चढवायचाही नव्हता. उलट बायफर्ड आणि मंडळी इतकी वर्षं उघडपणे वाजवत राहिली, त्यातून त्यांची स्वतःची पत तयार झाली. 'ऑलिव्हर/डॉसन सॅक्सन' हे पुढे पोस्टरवर दिसणारं नाव म्हणजे नाव जिंकल्याची पाटी नव्हे. आडनावं पुढे का लावावी लागली याचा विचार तुमच्या मित्राने करावा.

त्याच निकालात न्यायमूर्तींनी हेही म्हटलंय की कुणी गेल्यावर भागीदारी चालू राहील आणि जाणाऱ्याला नाव वापरता येणार नाही, एवढं आधी लेखी केलं असतं तर हा तंटा उभाच राहिला नसता.

इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, फार तर विचारात घेतला जातो. पण आपला १९३२ चा भागीदारी कायदा त्याच मुशीतला आहे. कलम १४ मध्ये धंद्याची पत ही फर्मची मालमत्ता असं लिहिलंय. "तुमची फर्म नोंदणीकृतच नाही, तुम्हाला दावा लावता येत नाही" असं कुणी ऐकवेल. आम्हालाही ऐकवलं. घाबरू नका. त्याच कायद्यातलं ते कलम ६९ करारातून आलेल्या हक्कांसाठी आहे. २००० सालच्या हल्दीराम निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रेडमार्कच्या दाव्याला ते आड येत नाही असं सांगितलंय. वकिलाला हा निकाल विचारून बघा, माहीत नसेल तर वकील बदला.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात महागात पाडलं ते. आमचा गिटारिस्ट गेला तेव्हा त्याने अजून अर्ज टाकला नव्हता, आम्ही पुढे होतो. ओळखीने एका कन्सल्टन्सी ऑफिसात गेलो. नाव लिहिणार नाही, व्यनिमध्येही (खाजगी निरोपात) विचारू नका. बाहेर 'जीएसटी, शॉप अॅक्ट, फूड लायसन्स, ट्रेडमार्क' अशी पाटी, आत एक माणूस आणि दोन कॉम्प्युटर. आम्ही सांगितलं की बँड १९९६ पासूनचा आहे, पाच जणांचा आहे. तो म्हणाला, भागीदारी दाखवायची तर कागद लागतील, फीही जास्त; व्यक्तीच्या नावाने साडेचार हजारांत होतं, नाहीतर क्लासमागे नऊ. एकाच्या नावाने टाकू, नंतर बदलता येतं. आणि पहिल्या वापराच्या तारखेच्या जागी त्याने 'प्रपोज्ड टू बी युज्ड' निवडलं. का? तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि त्याला ते काम नको होतं. आम्हाला न विचारता, न सांगता. पावती दिली, 'नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) लावायला सुरुवात करा' म्हणाला, झालं.

'प्रपोज्ड' याचा अर्थ आम्ही सरकारला लिहून दिलं की हे नाव आम्ही अजून वापरलेलंच नाही, पुढे वापरणार आहोत. मागे इतक्या वर्षांचे कार्यक्रम असताना! काही महिन्यांनी गिटारिस्टने अर्ज टाकला, त्यात वापर १९९६ पासून, सोबत प्रतिज्ञापत्र, कॉलेज फेस्टचे फोटो. फोटोत आम्हीही होतो. आम्ही विरोध नोंदवला, तर त्याने उत्तराला आमचाच अर्ज जोडला: बघा, हे स्वतःच म्हणतायत की वापर नव्हता.

त्या ऑफिसात परत गेलो, तर "सगळे असंच टाकतात, तुमचं काय वेगळं?" दुरुस्ती मागितली तर त्याचे वेगळे पैसे. अर्ज एकदा गेला की वापराची तारीख मागे नेणं किंवा अर्जदारच बदलणं ट्रेडमार्क रजिस्ट्री (नोंदणी कार्यालय) सहजासहजी मान्य करत नाही, हे आम्हाला नंतर खऱ्या वकिलाकडून कळलं. जुनं पोस्टर घेऊन गेलो होतो, 'शनिवार, १४ डिसेंबर, सायं. ६'. माणूस म्हणतो, "वर्ष कुठंय?" अहो, १४ डिसेंबरला शनिवार १९९६ ला होता, त्यानंतर थेट २००२ ला, आणि पोस्टरवरचा ड्रमर त्याच्या कितीतरी आधीच परदेशी गेला होता. पण कॅलेंडर काढून बघायचे कष्ट कोण घेणार? पोस्टर टेबलावरून सरकवून परत दिलं.

दरम्यान तयार अल्बम अडकला, कारण गाणी प्लॅटफॉर्मवर चढवणाऱ्यांना गिटारिस्टची नोटीस गेली. एका फेस्टिव्हलने हातचं आमंत्रण मागे घेतलं. शेवटी तडजोड झाली: तो स्वतःचं आडनाव लावून वाजवणार, आम्ही नाव तसंच ठेवणार, त्याचा काही खर्च आम्ही दिला. आमच्या बाजूने उभा राहिलेला सगळ्यात भक्कम पुरावा कोणता म्हणाल तर बँडच्या नावाने मानधन दिल्याची एका कॉलेजची जुनी व्हाउचर्स, स्टुडिओच्या तारखेसकट पावत्या आणि एक वर्तमानपत्राचं कात्रण. फेसबुकवरचे फोटो वकिलाने बाजूलाच ठेवले.

तर तुमच्यासाठी, जसं सुचेल तसं. नवीन अर्ज करायचा असेल तर आधी राहिलेल्यांचं साधं भागीदारीपत्र करा आणि अर्ज त्या नावाने टाका. वापराची तारीख टाका, प्रतिज्ञापत्राचा कंटाळा करणाऱ्या माणसाकडे जाऊच नका. क्लास ४१ कार्यक्रमांसाठी, ९ रेकॉर्डिंगसाठी; टी-शर्ट विकत असाल तर २५. पैसे कमी असतील तर ४१ आधी. इथे काही जण सगळेच क्लास घ्या म्हणतील, माझं मत वेगळं आहे.

पेजचा पासवर्ड आणि गाण्यांचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघा. आमच्याकडे ते गिटारिस्टच्या कॉलेजच्या ईमेलवर निघालं होतं, आणि ते कॉलेजने केव्हाच बंद केलं होतं. आणि गाण्यांचं श्रेय हा वेगळा विषय आहे. नाव गेलं तरी गाणी लिहिणाऱ्याचीच राहतात, त्यामुळे दोन्ही भांडणं एकाच पत्रात घालू नका.

नाव बदला असा सल्ला काही जण देतील, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मुंबईच्या रॉक मशीनने नाव झालेलं असताना १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असं नाव घेतलं आणि त्यांचं काही अडलं नाही. पण ते त्यांनी स्वतःहून केलं. नोटिशीच्या धाकाने बदलू नका, उद्या तो नव्या नावालाही नोटीस पाठवेल.

सॅक्सनचं पुढे काय झालं हे विचारलंत म्हणून: २०१९ मध्ये बायफर्डची हृदयशस्त्रक्रिया झाली, २०२३ मध्ये पॉल क्विन दौऱ्यांतून बाजूला झाला आणि त्याच्या जागी डायमंड हेड बँडचा ब्रायन टॅटलर आला, २०२४ च्या जानेवारीत नवा अल्बम आला. पहिल्या पाचांपैकी दौऱ्यावर उरला तो बायफर्डच, आणि पोस्टरवर नाव 'सॅक्सन'.

सगळ्यात आधी हे करा: रजिस्ट्रीच्या साइटवर त्याच्या अर्जाची स्थिती काढा आणि तो ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये कोणत्या तारखेला छापून आला ते बघा. तिथून चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो. मुदत शिल्लक असेल तर या आठवड्यातच वकील गाठा. उलटून गेली असेल आणि नोंदणी झाली असेल, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५७ खाली ती काढून टाकण्याचा अर्ज करावा लागेल, आणि कलम ३४ खाली आधीपासून वापर असल्याचा बचाव आहेच. तारीख मिळाली की अर्ज क्रमांक न टाकता फक्त ती इथे लिहा, कागद कोणते गोळा करायचे ते सांगतो.